इराकचं तेल अमेरिकेनं नेलं? थांब की भावा!

कोल्हापूरच्या गंगावेशीत धारोष्ण दुधाचा ग्लास हातात आला की आमच्यातला एकजण ठरलेलं वाक्य टाकतोच, "इराकचं सगळं तेल अमेरिकेनं उचललं." ओठावर फेस तसाच. लई वर्षं ऐकतोय. आता नीट ऐका. 2009 मध्ये इराकनं तेलक्षेत्रांचे लिलाव केले तेव्हा सगळ्यात मोठं रुमैला मिळालं ब्रिटनच्या बीपीला आणि चीनच्या सीएनपीसीला, तेही मालकी नाही, जादा काढलेल्या बॅरलमागं 2 डॉलर फी, आणि वेस्ट कुर्ना-2 गेलं रशियाच्या लुकऑइलकडं, म्हणजे 2003 च्या इराक युद्धाला नको म्हणणाऱ्यांकडंच. अमेरिकेच्या एक्झॉनला वेस्ट कुर्ना-1 मिळालं, नाही असं नाही.

खरी मलई होती टेंडरात. डिसेंबर 2003 मध्ये पेंटागॉननं, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं, इराक पुन्हा उभा करायच्या 18.6 अब्ज डॉलरच्या मुख्य कंत्राटांतनं फ्रान्स, जर्मनी, रशिया, कॅनडाला बाहेर ठेवलं, का तर युद्धात साथ नव्हती. तो पैसा अमेरिकन करदात्यांचा, हट्ट एकवेळ समजतो. पण इराकच्याच तेलाच्या पैशाच्या फंडातनंही केबीआर या अमेरिकन कंपनीला बिलं गेली, ते मला अजिबात पटत नाही. घर यांचं पडलं, पैसा यांचा, आणि गवंडी पाडणाऱ्याच्या गावचा?

एवढं सांगितलं तर गडी म्हणतो, "फेस बसायला लागलाय, पी आधी."