ख्रिस्तानुसरण

येशू ख्रिस्ताचे चरित्र व शिकवण प्रमाण मानून त्याप्रमाणे आयुष्य घडवण्याची ख्रिस्ती धर्मातील कल्पना आणि तीवर आधारलेला आचार. शिष्यत्व, ख्रिस्तानुकरण, ‘प्रभूच्या मागे चालणे’ हे पर्यायही रूढ आहेत. बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारा दीक्षाविधी, आयुष्यात एकदा होतो. अनुसरण मात्र रोजच्या वागण्यात दिसावे लागते, म्हणून दीक्षाविधी आणि मतस्वीकार यांच्यापासून ही कल्पना वेगळी काढून पाहणे इष्ट. येथे तिचा सामान्य विचार करून जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत, म्हणजे खानदेशात, तिला आलेले रूप दिले आहे.

संज्ञाविचार : शुभवर्तमानांच्या (बायबलातील येशूचरित्रांच्या) मूळ ग्रीक पाठात या अर्थी मुख्यतः ‘अकोलूथेओ’ हे क्रियापद येते. त्याचा साधा अर्थ वाटेने कोणाच्या तरी मागून जाणे. गालीलच्या सरोवराकाठी जाळी टाकून निघालेले कोळी अक्षरशः येशूच्या मागून चालत गेले (मार्क १:१६–२०). प्रेरितांच्या, म्हणजे आरंभीच्या ख्रिस्ती धर्मप्रचारकांच्या, पत्रांत हे क्रियापद या अर्थाने जवळजवळ नाहीसे होते आणि त्यांपैकी पौल ‘मिमेतेस’ म्हणजे अनुकरण करणारा हा शब्द वापरतो. पौलाने येशूबरोबर पायी प्रवास केलेला नव्हता, हे त्याचे एक कारण संभवते. अनुसरण आणि अनुकरण या दोन शब्दांमधला पुढचा सगळा वाद या फरकातून निघाला आहे.

मराठी ‘अनुसरण’ शब्दाला मात्र स्वतःचा जुना इतिहास आहे. महानुभाव पंथात ‘अनुसरणे’ ही पारिभाषिक संज्ञा होती. घरदार सोडून परमेश्वराला शरण गेलेला तो ‘अनुसरलेला’ आणि घरी राहून धर्म पाळणारा तो ‘वासनिक’. अनुसरलेल्याने अटन (भ्रमंती), विजन (एकांतवास) व भिक्षा यांवर राहावे असा दंडक होता. सर्वस्व सोडून मागे या, असे सांगणाऱ्या शुभवर्तमानाशी याचे साम्य इतके जवळचे आहे की बायबलच्या मराठी भाषांतरात हा शब्द महानुभावांकडून आला असावा, असे कोणालाही वाटेल. खानदेशात महानुभाव परंपरा जुनी असल्याने हा मोह येथे अधिक होतो. परंतु पंथाचे ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद होते आणि वि. का. राजवाडे यांनी ती लिपी उलगडली ती विसाव्या शतकाच्या आरंभी. मराठी नवा करार (बायबलचा उत्तरभाग) तर मिशनरी विल्यम केरी यांनी श्रीरामपूरहून १८११ मध्येच छापला होता. एकोणिसाव्या शतकातील भाषांतरकार व त्यांचे शास्त्री यांच्यापुढे पंथाची परिभाषा असण्याचा संभव त्यामुळे कमीच. शब्द संस्कृतातून आणि सामान्य भक्तिपर मराठीतून आला असावा, हे मत अधिक ग्राह्य दिसते. वाचणाऱ्याच्या मनात जुन्या अर्थाची सावली पडते ती पडतेच, आणि ती इष्टही आहे.

‘कित्ता’ या दुसऱ्या शब्दाकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात (२:२१) ख्रिस्ताने दुःख सोसून तुमच्यासाठी कित्ता घालून दिला, तुम्ही त्याच्या पावलांवर पाऊल ठेवून चालावे, असे मराठी पाठ सांगतो. मूळ ग्रीक शब्द ‘हुपोग्राम्मोस’ नव्या करारात फक्त याच ठिकाणी येतो आणि त्याचा अर्थ मुलाने गिरवण्यासाठी घालून दिलेली अक्षरे असा आहे. भाषांतरकाराने ‘आदर्श’ किंवा ‘उदाहरण’ न लिहिता ‘कित्ता’ लिहिले, ही असामान्य अचूक निवड होय. मराठी शब्द बहुधा अरबी ‘कित्आ’ (तुकडा; सुलेखनाचा नमुना) यावरून फारसीमार्गे आला. कित्ता गिरवणाऱ्याचा हात स्वतःचाच राहतो आणि अक्षर वळणावर यायला वर्षे लागतात. प्रस्तुत नोंदकाराला अनुसरणाचे याहून नेमके रूपक आढळलेले नाही. संदर्भही ध्यानात घ्यावा : हे वचन मार खाणाऱ्या गुलाम चाकरांना उद्देशून आहे. त्याचा वापर अन्याय मुकाट्याने सोसायला लावण्यासाठी झाला, तो वचनाचा दुरुपयोग होय.

आशय : डोंगरावरील प्रवचन (मत्तय ५–७), शेजारधर्म, शत्रूवर प्रेम, क्षमा, शिष्यांचे पाय धुणे (योहान १३) आणि भुकेल्या, उघड्या, आजारी व तुरुंगातील माणसात ख्रिस्ताला ओळखणे (मत्तय २५) ही अनुसरणाची परिचित अंगे. स्वतःचा त्याग करून वधस्तंभ उचलण्याची अट (मार्क ८:३४) यांच्या मुळाशी आहे. प्रॉटेस्टंट मराठीत रूढ असलेला ‘वधस्तंभ’ शब्द देहदंडाची आठवण बुजू देत नाही. कॅथलिक वापरातला ‘क्रूस’ पोर्तुगीज वळणाचा असून पूजाचिन्हाकडे झुकतो.

इतिहास : फ्रान्सिस ऑफ असिसी (११८१/८२–१२२६) याने दारिद्र्य हेच अनुसरण मानले. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ख्रिस्तानुकरणावरील प्रसिद्ध लॅटिन ग्रंथाच्या कर्तृत्वाविषयी दीर्घ वाद झाला. पॅरिसचा झां जेर्सों, गेरार्ट ग्रोटे अशी नावे पुढे आली; १४४१ च्या स्वहस्तलिखितामुळे टॉमस अ केम्पिस (सु. १३८०–१४७१) याच्याकडे कल झुकतो. अनुकरणाने माणूस स्वतःच्या पुण्याईवर विसंबू लागतो, या भीतीने प्रॉटेस्टंट धर्मसुधारक ल्यूथरने अनुसरणावर भर दिला. जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोन्हॉफर याने १९३७ मध्ये, किंमत न मागणारी कृपा ही चर्चची वैरीण आहे, असे मांडले. नाझी राजवटीने ९ एप्रिल १९४५ रोजी त्याला फाशी दिले. अनुसरणाची कसोटी संकटात लागते, हे त्याच्या आयुष्यातून स्पष्ट होते.

खानदेशातील रूप : पूर्व खानदेशात भुसावळ, चाळीसगाव या रेल्वेच्या गावी ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दिसते. पश्चिम खानदेशात १८९० साली स्थापन झालेले स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन (१९४९ पासून द इव्हँजेलिकल अलायन्स मिशन) विसाव्या शतकाच्या आरंभी आले. नवापूर तालुक्यातील चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय १९४० च्या दशकातले. कॅथलिक मंडळी १९८७ पासून नाशिक धर्मप्रांतात मोडतात. जिल्ह्यांचा विचार करता ख्रिस्ती वस्ती नंदुरबारात, त्यातही नवापूरकडे मावची व इतर भिल्ल समूहांत अधिक आहे.

सातपुड्याच्या पायथ्याशी अनुसरणाची पहिली उघड खूण बहुधा मोहाची दारू सोडणे ही ठरली. मात्र ती केवळ ख्रिस्ती खूण नव्हे. दक्षिण गुजरातेत १९२२ च्या सुमारास पसरलेली देवी चळवळ आणि तळोद्याकडील गुलाम महाराजांची १९३८ ची ‘आप की जय’ चळवळ यांनीही स्नान, स्वच्छता व दारूबंदी यांचाच आग्रह धरला. तेव्हा दारू सोडणे हे सगळे मिशनचे श्रेय, असे समजणे एकांगी होईल. फरक प्रेरणेत शोधावा. मंडळीतील, म्हणजे स्थानिक चर्चमधील, माणूस ‘साक्ष’ देताना, म्हणजे आपला श्रद्धानुभव सांगताना, बहुधा नियमापेक्षा क्षमा मिळाल्याची गोष्ट सांगतो. दारू, सावकार, भाऊबंदकी आणि मग प्रभू, असा या साक्षींचा ओळखीचा क्रम असतो.

अवघड प्रश्न होळीचा. सातपुड्यात होळी हा वर्षाचा सर्वांत मोठा सण. ढोल, नाच आणि भावकीची भेट त्यात आली. काही मंडळ्यांनी अनुसरण म्हणजे या सगळ्यापासून दूर राहणे असे मानले, तर काहींनी पूजाविधी टाळून ढोल उपासनेत आणला. दुसरी वाट प्रस्तुत नोंदकाराला अधिक सयुक्तिक वाटते, कारण येशू स्वतः काना गावच्या लग्नाला गेला होता आणि समाजाने हीन मानलेल्या जकातदारांच्या पंक्तीला बसला होता. भावकी तोडून शेजाऱ्यावर प्रेम करणे व्यवहारातही कठीणच. भगताकडे जायचे की दवाखान्यात, नवससायासाला वर्गणी द्यायची की नाही, असे लहान निर्णयही येथे अनुसरणाचेच प्रश्न होतात.

स्त्रियांचा वाटा घरची प्रार्थना, आजाऱ्याकडे जाणे, गीते पाठ करणे यांत मोठा. मावची, अहिराणी या बोलींत नव्या कराराचे पाठ झाल्याने न शिकलेल्या बायकांनाही वचन स्वतःच्या भाषेत ऐकता येते. अहिराणीत ‘मन्हा मांगे ये’ म्हटले की ग्रीक क्रियापदाचा चालण्याचा अर्थ आपोआप जागा होतो. मुक्ताईनगरहून पंढरपूरला पायी जाणाऱ्या पालखीच्या मुलखात तो अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

मंडळीबाहेरील प्रतिसाद : धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये गीतेवर प्रवचने देणाऱ्या विनोबा भाव्यांनी पुढे ख्रिस्ती वचनांचे सार संकलित केले; गीतेवरील ती प्रवचने लिहून घेणारे साने गुरुजी अमळनेरचे शिक्षक होते. या प्रतिसादाला अनुसरण म्हणावे काय, याबद्दल मतभेद संभवतात. बाप्तिस्मा ही अट धरली तर नाही. मत्तय २५ धरले तर नकार देणे जड जाते. धरणगावचे बालकवी ठोमरे (१८९०–१९१८) ख्रिस्ती झाले नाहीत, तरी अहमदनगरला रेव्हरंड ना. वा. टिळक व लक्ष्मीबाई यांच्या घरी मुलासारखे राहिले. धर्म न विचारता परक्या मुलाला पंक्तीला घेणाऱ्या त्या घराचा उल्लेख अशा नोंदीत मिशनांच्या सनावळीइतकाच आवश्यक आहे.