बाह्यवळण रस्ता आणि गावाचे अर्थकारण (इंदूर परिसर)

लांब पल्ल्याची वाहतूक वस्तीत न शिरता बाहेरून जावी म्हणून काढलेला रस्ता म्हणजे बाह्यवळण. हा शब्द सरकारी फलकावरचा. इंदूरच्या मराठी घरांत त्याला 'बायपास'च म्हणतात, आणि इथे ते जवळजवळ विशेषनाम झाले आहे. आग्रा-मुंबई रस्त्यावरची (बोलीत ए. बी. रोड) वाहने मांगलियापासून राऊपर्यंत शहराच्या पूर्वेकडून नेणारा सुमारे ३२ कि.मी.चा पट्टा, तो बायपास.

हमरस्त्यावरच्या गावात पैसा दोन वाटांनी येतो. शेतमाल, दूध, किराणा, आठवडी हाट ही एक वाट; रस्ता कुठूनही गेला तरी ती फारशी हलत नाही. दुसरी वाट थांबणाऱ्या गाडीची: पोहे-जिलेबी, चहा, पंक्चर, ट्रकवाल्यांसाठी मांडलेल्या खाटा. बायपास येताच ही वाट आटते. नाशिक-पुण्याकडे निघालेले कुटुंब पूर्वी गावातल्या हॉटेलात बाकावर बसून चहा घेई. आता ते गाड्या लावायला ऐसपैस जागा असलेल्या ढाब्यावर थांबते, आणि असा ढाबा काढायला लागणारे भांडवल त्या हॉटेलवाल्याकडे क्वचितच असते. किराणा, खत-बियाणे, कापड या दुकानांची मात्र फारशी तक्रार नसते. ट्रक हटल्यावर धूळ कमी होते, बायाबापड्या बाजारात निवांत फिरतात.

टोलनाक्यावर हेच छोट्या प्रमाणात दिसते. रांगेतल्या गाड्यांच्या काचांशी शेंगदाणे, जाम (महाराष्ट्रातला पेरू) विकणाऱ्यांचा धंदा रांगेच्या लांबीवर चाले. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला, रांग आखडली आणि पाटी घेऊन धावायला मिळणारा वेळही.

गावाचे पुढे काय होते, ते बऱ्याच अंशी तीन गोष्टींवर ठरते: दुभाजकातला 'कट' (रस्ता ओलांडायला ठेवलेली मोकळी जागा), सर्व्हिस रोड आणि खालून जाणारा बोगदा. कट मिळाला की गावकऱ्यांना फाटा मिळतो. दोन-चार टपऱ्या तिकडे सरकतात, बसही तिथेच थांबू लागते. कट बंद झाला तर ज्याचे घर एका अंगाला आणि शेत दुसऱ्या अंगाला, त्याला बटाट्याची ट्रॉली घेऊन बोगद्यापर्यंत वळसा पडतो. बोगद्यात पावसाळ्यात पाणी साचले की तोही मार्ग खुंटतो. घाईतले लोक मग उलट्या दिशेने गाडी घालतात. त्याला बेशिस्त म्हणणे सोपे आहे. आराखडा करणाऱ्याने ट्रॅक्टर धरलाच नव्हता, हेही म्हणायला हवे.

जमिनीचा हिशेब वेगळा. भाव इथे बिघ्यावर बोलला जातो, आणि शेतजमीन बिगरशेती करण्याला 'डायव्हर्शन' म्हणतात. कनाडिया, बिचौली हप्सी या गावांच्या शेतांत आता कॉलन्या आहेत आणि बायपासच्या कडेला मॅरेज गार्डन. ज्याची जमीन रस्त्याला लागून होती तो तरला. गावातल्या रस्त्याच्या कडेला सरकारी जागेवर टपरी टाकणाऱ्याच्या हाती काही पडले नाही, कारण भरपाई घेतलेल्या जमिनीची आणि तिच्यावरच्या बांधकाम-झाडांची मिळते, गेलेल्या गिऱ्हाइकाची नाही. शेतमजुराचेही तेच: मालकाच्या खात्यात रक्कम येते, मजुराच्या हातची मजुरी जाते. मांगलियाचे गणित निराळे, कारण तिथे तेल कंपन्यांचे डेपो आहेत. टँकर गावाकडे येतातच.

राष्ट्रीय महामार्गांसाठीच्या भूसंपादनाला १ जानेवारी २०१५ पासून २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे भरपाईचे निकष लागू आहेत. बाजारभावाच्या आधारे काढलेल्या रकमेवर १०० टक्के दिलासा रक्कम मिळते. पण बाजारभाव ठरवताना नोंदलेले व्यवहार आणि कलेक्टर गाइडलाइन (महाराष्ट्रातला रेडीरेकनर) पाहतात, आणि खरा सौदा कागदावरच्या आकड्याच्या बराच वर होतो, हे गावात कोणीही सांगेल. मुद्रांक वाचवायला वर्षानुवर्षे कमी दाखवलेला भाव संपादनाच्या वेळी शेतकऱ्यावरच उलटतो. शहर वाढून आता बायपासच गर्दीचा झाला आहे, म्हणून पश्चिमेकडून सुमारे ६४ कि.मी.चा नवा रिंगरोड आखला गेला. त्या वाटेवरच्या शेतकऱ्यांनी विरोध केला तो भरपाईच्या दरावरूनच.