रदरफर्ड–बोल्टवुड पत्रव्यवहार

भौतिकीविज्ञ अर्नेस्ट रदरफर्ड (१८७१–१९३७) व अमेरिकन रसायनज्ञ बर्ट्रम बोल्टवुड (१८७०–१९२७) यांच्यातील किरणोत्सर्गविषयक पत्रव्यवहार (१९०४–२४). रदरफर्ड आधी माँट्रियलला व १९०७ पासून मँचेस्टरला होते. बोल्टवुड न्यू हेवनला. लॉरेन्स बडाश यांनी संपादिलेली ही पत्रे १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली.

युरेनियमाच्या खनिजांत रेडियमाचे युरेनियमाशी प्रमाण कायम असते, असे बोल्टवुड यांना आढळले. दोघांनी १९०५ मध्ये ते संयुक्तपणे मोजले; पण तुलनेसाठी घेतलेल्या, रेडियमाचे प्रमाण माहीत असलेल्या द्रावणात (प्रमाण-द्रावणात) पुरेसे आम्ल नसल्याने त्यातील रेडियम भांड्याच्या काचेवर बसले होते. पुढील वर्षी हा आकडा जवळपास निम्म्यावर आणावा लागला.

युरेनियमाचा ऱ्हास होत रेडियम व शेवटी शिसे बनते आणि वाटेत हेलियम निघतो; म्हणून खनिजात साठलेल्या या पदार्थांवरून त्याचे वय काढता येते. शिशावरून वय काढण्याची कल्पना मूळ कोणाची, याबाबत मतभेद आहेत. पुष्कळ ग्रंथांत ती सरसकट रदरफर्ड यांच्या नावे दिलेली असते. येल विद्यापीठातील त्यांची १९०५ ची व्याख्याने १९०६ मध्ये छापली गेली. त्यांत, शिसे रेडियमापासून उपजते हे सिद्ध झाल्यास वय काढण्यास ते हेलियमपेक्षा सरस ठरेल, असे म्हटले आहे. हेलियम वायू खनिजातून निसटतो. मात्र हे विधान सशर्त आहे, आणि ती अट पुरी करणारी रासायनिक विश्लेषणे बोल्टवुड यांची : एका वयाच्या खनिजांत शिसे व युरेनियम यांचे गुणोत्तर सारखे, जुन्यांत अधिक. तेव्हा सूचना रदरफर्ड यांची व पुरावा बोल्टवुड यांचा, ही वाटणी अधिक ग्राह्य वाटते.

बोल्टवुड यांनी १९०७ मध्ये शिसे-युरेनियम गुणोत्तर एक हजार कोटींनी गुणून वये दिली. कनेक्टिकटमधील ग्लॅस्टनबरीच्या खनिजाचे गुणोत्तर ०.०४१, म्हणजे वय ४१ कोटी वर्षे. सर्वांत जुन्या खनिजाचे २२० कोटी. हे आकडे फुगलेले आहेत. युरेनियमाच्या ऱ्हासाचा वेग वरील कायम प्रमाणाच्या आधारे रेडियमावरून काढला जाई आणि रेडियमाचा अर्धायुकाल (निम्मे द्रव्य ऱ्हास पावण्यास लागणारा काळ) सु. १,६०० ऐवजी २,६०० वर्षे धरला होता. थोरियमापासून होणारे शिसेही हिशेबात नव्हते.

पत्रांची भाषा मोकळी, क्वचित बोचरी आहे. जर्मन रसायनज्ञ ऑटो हान यांनी नवे म्हणून जाहीर केलेले किरणोत्सर्गी द्रव्य रेडिओथोरियम म्हणजे ‘थोरियम-एक्स (थोरियमापासून होणारे, आधीच माहीत असलेले द्रव्य) व मूर्खपणा यांचे संयुग’, असा शेरा बोल्टवुड यांनी १९०५ मध्ये मारला होता. पुढे रेडिओथोरियम खरे ठरले. युरेनियम व रेडियम यांच्यामधील आयोनियम (आताचे थोरियम-२३०) बोल्टवुड यांनी १९०७ मध्ये शोधले. १९०९–१० मध्ये ते मँचेस्टरला रदरफर्ड यांच्याकडे होते.