चार्ल्स्टनचं देखणेपण: घरं, बागा आणि कॅमेरा

चार्ल्स्टनचे फोटो बघायला घेतले की तेच ते समोर येतं. गुलाबी, पिवळ्या, निळसर घरांची रांग, घडीव लोखंडाची फाटकं, फाटकाआड टुमदार बाग, ओकच्या फांद्यांवरून लोंबणारं स्पॅनिश मॉस. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या साउथ कॅरोलायना राज्याचं हे बंदर. तिथली वस्ती १६७० सालची, दहा वर्षांनी अ‍ॅश्ली आणि कूपर या दोन नद्यांमधल्या चिंचोळ्या जागेवर हललेली. शहर साडेतीनशे वर्षांचं असलं तरी त्याचं आज सर्वत्र दिसणारं हे चित्र बरंचसं १९२० ते १९५० च्या दरम्यान तयार झालं. ते कोणी तयार केलं आणि त्यात काय गाळलं गेलं, हे माहीत नसेल तर तिथे काढलेले फोटो नुसते गोड होतात, असं मला वाटतं.

सुरुवात घरांपासून करू. इथली संपत्ती तांदूळ आणि निळीच्या जोरावर आली, पुढे कापसाची भर पडली. भरतीच्या पाण्यावरची भातखाचरं, त्यांचे बांध, पाण्याची दारं हे सगळं आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांनी उभं केलं; त्यांतले कित्येक जण पश्चिम आफ्रिकेच्या भात पिकवणाऱ्या मुलखातले होते. त्या पैशातून शहरात ‘सिंगल हाउस’ नावाचा घराचा खास प्रकार वाढला. घर एका खोलीइतकंच रुंद असतं आणि अरुंद बाजू रस्त्याकडे असते. दक्षिणेला किंवा पश्चिमेला घराच्या लांबीभर ओसरी, बहुधा प्रत्येक मजल्यावर. तिला तिथे पियाझा म्हणतात. रस्त्यावरचं दार उघडलं की माणूस घरात शिरत नाही, ओसरीवर येतो. फोटो काढणाऱ्याची इथे पंचाईत होते: घराचा खरा दर्शनी भाग शेजारच्या भिंतीकडे तोंड करून असतो आणि रस्त्यावरून तो तिरकाच दिसतो. शिवाय गल्ल्या अरुंद, मागे सरकायला जागा नाही, कॅमेरा वर केला की भिंती आत झुकतात. म्हणून जुने छायाचित्रकार भिंग वर सरकवता येणारा मोठा कॅमेरा वापरत. आज तेच काम टिल्ट-शिफ्ट लेन्स करते.

चार्ल्स्टनची सुरुवातीची गाजलेली छायाचित्रं मात्र सुंदर घरांची नव्हती. उत्तरेची आणि दक्षिणेची राज्यं लढली त्या अमेरिकन यादवी युद्धाच्या शेवटी, फेब्रुवारी १८६५ मध्ये शहर उत्तरेच्या हाती पडलं आणि उत्तरेच्या जनरल शेरमनच्या सैन्याबरोबर काम केलेला जॉर्ज बर्नार्ड कॅमेरा घेऊन तिथे आला. मीटिंग स्ट्रीटवरच्या सर्क्युलर चर्चचे उरलेले खांब, छपरं उडालेल्या भिंती, विटांचे ढीग. ते फोटो बघून उत्तरेतल्या लोकांना तो आपल्या तोफांचा पराक्रम वाटला. तोफा डागल्या गेल्या होत्या हे खरंच, पण फोटोंमधली बरीचशी पडझड डिसेंबर १८६१ च्या भीषण आगीतली होती. सर्क्युलर चर्चही त्याच आगीत गेलं होतं. फोटोखालच्या ओळीत हे नसेल तर बघणारा आपल्या मनातली गोष्ट त्यात भरतो, आणि चार्ल्स्टनच्या बाबतीत हे पुढेही होत राहिलं.

मुंबईचा धागा याच काळात जुळतो. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेतली बंदरं कोंडली, अमेरिकन कापूस इंग्लंडमधल्या लँकशायरच्या कापड गिरण्यांना पोहोचेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत गबर झालेल्या प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर झाला. १८६५ मध्ये युद्ध थांबलं आणि मुंबईचा फुगाही फुटला. तिकडे चार्ल्स्टन कंगाल झालं आणि पुढची कित्येक दशकं कंगालच राहिलं.

बर्नार्ड पुढे चार्ल्स्टनमध्येच स्टुडिओ थाटून बसला आणि शहराची व आसपासची स्टिरिओ चित्रं विकू लागला. दोन भिंगांतून बघितली की खोलपणा जाणवणारी ही जोडचित्रं घराघरांतल्या दिवाणखान्यांत गेली. अ‍ॅश्ली नदीकाठच्या मॅग्नोलिया नावाच्या मळ्याच्या मालकांनी, जॉन ग्रिमके ड्रेटन यांनी, १८७० च्या सुमारास आपली बाग लोकांना खुली केली आणि प्रवासी बोटीने तिथे अझेलियाची फुलं बघायला येऊ लागले. भातशेतीचं उत्पन्न बुडालं होतं, बाग दाखवून जमीन राखायची होती. बागेकडे देखावा म्हणून बघण्याची सवय इथे अशा गरजेतून लागली. ३१ ऑगस्ट १८८६ च्या रात्री मोठा भूकंप झाला आणि पुन्हा पडक्या भिंतींचे फोटो विकले जाऊ लागले. त्या भूकंपाची खूण आजही जवळून दिसते: जुन्या घरांच्या भिंतींवर लोखंडी चकत्या आहेत, काही गोल, काही फुलीच्या, काही सिंहाच्या तोंडाच्या. भिंती बांधून धरायला आरपार घातलेल्या सळयांची ती टोकं. नक्षी समजून फोटो काढणारे पुष्कळ असतात.

मग जुनी घरं टिकली कशी? मुख्यतः गरिबीमुळे. पाडून नवं बांधायला पैसाच नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र दोन गोष्टी आल्या, मोटारी आणि जुन्या वस्तूंचे खरेदीदार. घरांमधलं भिंतींवरचं लाकूडकाम, शेकोट्यांच्या चौकटी, गॅलऱ्यांची लोखंडी जाळी उखडून इतर शहरांतल्या संग्रहालयांना आणि श्रीमंतांना विकली जाऊ लागली. १८०३ च्या जोसेफ मॅनिगॉल्ट हाउसवर पाडण्याची वेळ आली तेव्हा, १९२० मध्ये, सुसान प्रिंगल फ्रॉस्ट यांच्या पुढाकाराने जुनी घरं वाचवणारी संस्था उभी राहिली. घर वाचलं, पण त्याची बाग एका तेल कंपनीकडे गेली आणि फाटकावरची सुबक घुमटी पेट्रोल पंपाच्या आवारात उभी राहिली. १९३३ मध्ये चार्ल्स्टन म्युझियमने घर घेतलं. फ्रॉस्टबाईंनी ईस्ट बे स्ट्रीटवरचीही काही मोडकळीला आलेली घरं घेऊन ठेवली होती. १९३१ मध्ये डोरोथी लेग यांनी त्या रांगेतलं एक घर विकत घेऊन गुलाबी रंगवलं, शेजाऱ्यांनी कित्ता गिरवला आणि ‘रेनबो रो’ झाली. लोक ज्याला अठराव्या शतकाचे रंग समजून टिपतात ते या बाईंच्या आवडीचे रंग आहेत.

त्याच वर्षी शहराने जुन्या भागासाठी नियमावली केली. ऐतिहासिक परिसर कायद्याने राखण्याचा अमेरिकेतला हा पहिला प्रयत्न. (मुंबईची वारसा नियमावली १९९५ ची.) पण ती राबवणाऱ्या मंडळाला अधिकार होता तो रस्त्यावरून दिसणाऱ्या बाहेरच्या भागावर. जे कॅमेऱ्याला दिसतं ते जपलं गेलं. आणि घरं सुधारली तशी भाडी वाढली, त्या गल्ल्यांत पिढ्यानपिढ्या राहिलेली कृष्णवर्णीय कुटुंबं बाहेर गेली. रंगीत रांगेचा फोटो काढताना हे विसरता येऊ नये.

या सगळ्यात ज्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो त्या फ्रान्सिस बेंजामिन जॉन्स्टन. जन्म १८६४ चा. वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्षांची आणि बड्या लोकांची व्यक्तिचित्रं काढून नाव कमावलेलं, पुढे श्रीमंतांच्या बागा टिपून हाताने रंगवलेल्या काचेच्या स्लाइड्स दाखवत व्याख्यानं दिलेली. साठी ओलांडल्यावर, १९२७ पासून व्हर्जिनियातल्या फ्रेडरिक्सबर्ग या जुन्या गावाचे फोटो काढताना त्यांच्या लक्षात आलं की बडे वाडे कोणीही राखील, पडतील ती साधी घरं. १९३३ पासून कार्नेगी कॉर्पोरेशनच्या अनुदानावर त्या दक्षिणेतली नऊ राज्यं फिरल्या आणि सात हजारांहून अधिक निगेटिव्ह मागे ठेवल्या. चार्ल्स्टन त्यात आहेच. गिरण्या, खाणावळी, धान्याची कोठारं, गुलामांच्या खोपटी, गळके जिने त्यांनी हवेलीइतक्याच निगुतीने टिपले: उभ्या रेषा ताठ, ऊन तिरपं, विटेचा पोत मोजता येईल असा. त्यांच्या फोटोंत पापुद्रे सुटलेला गिलावा लपवलेला नसतो. १९३३ मध्येच बेकार वास्तुरचनाकारांना काम देणारं सरकारी वास्तू-सर्वेक्षण सुरू झालं आणि मोजमापाच्या नकाशांबरोबर फोटो काढणं हा दस्तऐवजाचा भाग झाला.

बागांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. शहराबाहेरची मिडलटन प्लेसची बाग १७४१ पासूनची, उतरत्या गवती पायऱ्या आणि फुलपाखराच्या पंखांसारखी जोडतळी असलेली. ती खणायला शंभर गुलामांना दहा वर्षं लागली असं सांगतात. तिथली मुख्य हवेली १८६५ मध्ये जाळली गेली. शहरातल्या घरांमागे मात्र बहुधा कामाचं अंगण असे: स्वयंपाकघर, धुणीघर, तबेला, विहीर, वर गुलामांच्या खोल्या. न्यूयॉर्कहून आलेले बागरचनाकार लूट्रेल ब्रिग्ज यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून अशा कितीतरी अंगणांत विटांच्या पायवाटा, कॅमेलिया आणि कातरलेली कुंपणं घातली. काम सुरेखच आहे. पण ज्या बागा आपण वसाहतकाळच्या म्हणून टिपतो त्यांतल्या पुष्कळशा त्यांनी आखलेल्या आहेत, आणि आज पाहुण्यांना देतात तो बागेतला बंगला कोणाचं तरी राबण्याचं ठिकाण होता.

गेल्या काही दशकांत बघण्याची दिशा बदलते आहे. १८२० च्या एकेन-र्‍हेट हाउसचं मागचं आवार १९९५ पासून जसं सापडलं तसं राखलं आहे; स्वयंपाकघरावरच्या खोल्या, उडालेला रंग, सगळं तसंच. शहरातल्या काही जुन्या विटांवर बोटांचे ठसे आहेत, त्यांतले कित्येक लहान मुलांचे. ओली वीट उचलून वाळत ठेवताना उमटलेले. सकाळच्या तिरप्या उन्हात ते स्पष्ट येतात, दुपारी पुसट होतात. फाटकं घडवणारे लोहारही आता नावाने ओळखले जातात. डॅनियल आयलंडवर १९१२ मध्ये जन्मलेले फिलिप सिमन्स एका माजी गुलामाकडे हे काम शिकले, आणि त्यांची पाचशेच्या वर कामं शहरभर आहेत.

चार्ल्स्टनला जाणाऱ्यांनी आधी जॉन्स्टनबाईंचे आणि त्या सरकारी सर्वेक्षणाचे फोटो बघावेत. लायब्ररी ऑफ काँग्रेसने ते कोणालाही विनामूल्य बघता येतील असे ठेवले आहेत. एखादा पत्ता निवडा, तेव्हाचं घर आणि आताचं शेजारी ठेवा, आणि रस्त्यावरून पुढचा भाग टिपून झाला की परवानगी घेऊन मागच्या अंगणातही कॅमेरा लावा.