पिस्तूल नेमबाजीतील अचूकता

पिस्तुलाच्या गोळ्या लक्ष्यावर ठरल्या जागी पुन्हा पुन्हा नेऊन बसवण्याचे कौशल्य. यातले ‘पुन्हा पुन्हा’ महत्त्वाचे. एखादा ‘दहा’, म्हणजे लक्ष्याच्या मधल्या वर्तुळाचा सर्वाधिक गुण, नवशिक्यालाही लागून जातो. मुंबईत हा खेळ शिकण्याची जुनी ठिकाणे म्हणजे वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज (नेमबाजीची जागा) आणि दादरचे स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारक. सुरुवात बहुधा १० मीटर एअर पिस्तुलाने, म्हणजे हवेच्या दाबाने छर्रा सोडणाऱ्या पिस्तुलाने होते.

या प्रकारात उभ्याने, एका हाताने, कसलाही टेकू न घेता ७५ मिनिटांत ६० नेम साधायचे असतात. दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिमी, म्हणजे रुपयाच्या नाण्याच्या साधारण निम्मा. छर्रा ४.५ मिमीचा असतो आणि त्याची कड वर्तुळाच्या रेषेला शिवली तरी वरचा गुण मिळतो.

नवशिक्याची पहिली तक्रार ‘हात हलतो’ ही असते. हात सगळ्यांचाच हलतो, ऑलिंपिकवीरांचाही. त्यामुळे होणारे नुकसान मात्र वाटते त्याहून कमी असते. माशी (नळीच्या पुढच्या टोकावरचा, नेम धरायचा उंचवटा) आणि मागची खाच (जिच्या मध्यात माशी दिसायला हवी) एका रेषेत ठेवून संपूर्ण पिस्तूल ८ मिमी बाजूला सरकले, तर छर्राही ८ मिमीच सरकतो आणि दहा जेमतेम टिकतो. उलट, हात जागच्या जागी असून माशी खाचेच्या मध्यापासून १ मिमी ढळली, तर नळीची दिशाच बदलते. माशी आणि खाच यांत ३३ सेंमी अंतर धरले, तर १० मीटरवर ही चूक सुमारे ३० मिमी होते आणि पदरी सात पडतात. म्हणून प्रशिक्षक लक्ष्याकडे नव्हे, माशीकडे पाहायला सांगतात. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावतो. माशी धारदार दिसायला हवी, लक्ष्याचे काळे वर्तुळ धूसर दिसले तरी चालते. बरेच नेमबाज वर्तुळाच्या मध्यावर नेम धरतच नाहीत. ते त्याच्या खाली थोडी पांढरी पट्टी सोडतात आणि खाच वरखाली करून तो फरक भरून काढतात.

दुसरी महत्त्वाची गोष्ट चापाची. एअर पिस्तुलाच्या चापाचे वजन, म्हणजे तो ओढायला लागणारा दाब, किमान ५०० ग्रॅम असावे लागते. तर्जनीने हा दाब सरळ मागे, हळूहळू वाढवत न्यायचा. बाकीची बोटे जराही आवळायची नाहीत. ‘आता दहा दिसतोय’ म्हणून चाप खेचला की मनगट सोबत ओढले जाते आणि उजव्या हाताच्या नेमबाजाचा छर्रा डावीकडे खाली जातो. हात उचलल्यावर आठ-दहा सेकंदांत नेम सुटला नाही, तर तो सोडून हात खाली घ्यावा. हे सांगायला सोपे, पण घड्याळ समोर असताना भल्याभल्यांना जमत नाही. छर्रा सुटल्यावरही क्षणभर माशीवरच नजर ठेवायची.

उभे राहण्याची जागा ठरवण्याची युक्ती साधी आहे. डोळे मिटून हात उचलायचा, मग डोळे उघडून पाहायचे. पिस्तूल लक्ष्याच्या बाजूला गेले असेल, तर मनगट न वळवता मागचा पाय सरकवायचा.

सराव म्हणजे दिवसभर छर्रे उडवणे नव्हे. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून कोऱ्या भिंतीसमोर केलेला कोरडा सराव, ज्याला रेंजवर ‘ड्राय फायर’ म्हणतात, तो बहुधा जास्त शिकवतो: लक्ष्यच नसल्याने चापाच्या वेळी माशी कशी थरथरते ते उघडे पडते. १० मीटरची मोकळी जागा मुंबईच्या किती घरांत मिळणार? पण भिंत दोन हातांवर असते, आणि या सरावाला तेवढे पुरते. पिस्तूल नुसते धरून ठेवण्याचा व्यायामही घरीच होतो. मात्र गर्दीच्या लोकलमध्ये कडी धरून आलेल्या खांद्याला रेंजवर पोहोचताच कामाला जुंपू नये.

मुंबईची दमट हवा हा वेगळाच त्रास. घामाने मूठ निसटते आणि दर वेळी पकड थोडी बदलते. म्हणून लाकडी मूठ हाताच्या मापाने घासून, कुठे लांबी (पुटी) भरून घेतात. खाऱ्या वाऱ्यामुळे नळी व सुटे भाग पुसून तेल लावून ठेवावे लागतात.

महाराष्ट्रातून या खेळाला मिळालेले ठळक नाव कोल्हापूरच्या राही सरनोबत यांचे. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. त्या प्रकारात .२२ बोअरचे (नळीचा आतला व्यास सुमारे ०.२२ इंच) पिस्तूल लागते, चापाचे वजन किमान १,००० ग्रॅम असते आणि जलद टप्प्यात लक्ष्य दर वेळी फक्त ३ सेकंद खुले राहते. .२२ पिस्तुलाला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो.