घशाचा कॅन्सर, एचपीव्ही आणि पी१६ चा शॉर्टकट

तोंडाच्या कॅन्सरमध्ये एचपीव्हीचा (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस या विषाणूचा) हात असावा, अशी शंका १९८३ मध्येच मांडली गेली होती. पण त्याच वर्षी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये एचपीव्ही-१६ हा त्याचा एक प्रकार सापडला आणि सगळं लक्ष तिकडे वळलं. तंबाखू आणि दारू ही कारणं डोळ्यांसमोर असताना तोंडात विषाणू शोधण्याची घाई फारशी कुणाला नव्हती.

२००० मध्ये डोकं-मानेच्या भागातल्या कॅन्सरच्या अडीचशेवर गाठी तपासल्या गेल्या. त्यातल्या चौथ्या हिश्श्यात विषाणू निघाला, पण जागेनुसार प्रमाण फार वेगळं होतं. टॉन्सिल आणि जिभेचं मूळ या भागातल्या, म्हणजे घशातल्या, निम्म्याहून जास्त गाठींत तो होता, इतरत्र बराच कमी. गाल, हिरडी, जिभेचा पुढचा भाग इथल्या कॅन्सरचा मुख्य दोषी आजही तंबाखूच आहे. बातम्या मात्र घशाच्या आणि तोंडाच्या कॅन्सरला सरसकट 'तोंडाचा कॅन्सर' म्हणून मोकळ्या होतात.

२०१० मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली: घशाच्या कॅन्सरचे एचपीव्ही असलेले रुग्ण जास्त जगतात. तीन वर्षांनी हयात असलेले ८२ टक्के, विषाणू नसलेल्यांत ५७. मग स्टेजिंग, म्हणजे आजार किती पुढे गेलाय ते ठरवण्याची पद्धत, बदलायलाच हवं होतं. ते २०१८ पासून बदललं, आणि खरा घोळ इथेच झाला.

नव्या नियमात विषाणू थेट शोधायची अट नव्हती, पी१६ हे पेशीतलं प्रथिन रंगवून पाहणं पुरेसं मानलं. विषाणूचं ई७ प्रथिन पेशीची वाढ आवरणाऱ्या आरबी या प्रथिनाला निकामी करतं आणि पी१६ वाढतं; बायोप्सीतल्या कॅन्सरच्या साधारण ७० टक्के पेशी गडद रंगल्या की गाठ पॉझिटिव्ह. चाचणी स्वस्त, बऱ्याच लॅबमध्ये होणारी. पण पी१६ दुसऱ्या कारणांनीही वाढतं. २०२३ मध्ये साडेसात हजारांवर रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा सुमारे ९ टक्के जणांत पी१६ आणि विषाणूची चाचणी यांचा मेळ बसला नाही. पी१६ आहे पण विषाणू नाही, अशांपैकी पाच वर्षं जगले ५५ टक्के. दोन्ही असलेल्यांपैकी ८१. म्हणजे कागदावर सौम्य स्टेज मिळालेल्या काही जणांचा आजार सौम्य नव्हताच. सोयीसाठी घेतलेला हा निर्णय महागात पडला, असं माझं मत.

टॉन्सिलची लहान गाठ आणि मानेत त्याच बाजूला कॅन्सर पसरलेल्या दोन-तीन छोट्या लिम्फच्या गाठी, हा रुग्ण जुन्या पद्धतीत स्टेज चार होता, नव्यात स्टेज एक. उपचार कमी करा, असं नियमात कुठेही म्हटलेलं नव्हतं. तरी तो मोह होताच. २०१८ च्या अखेरीस रुग्णांवर उपचार तपासणाऱ्या दोन चाचण्यांचे निकाल आले: रेडिएशनसोबत सिस्प्लॅटिन या नेहमीच्या केमोऐवजी सौम्य समजलं जाणारं सेटुक्सिमॅब हे औषध दिलेले रुग्ण कमी जगले, त्रासही कमी झाला नाही.

एचपीव्हीच्या लशीला घशाच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली २०२० मध्ये, तीही इतर अवयवांवरच्या परिणामावरून. गर्भाशयमुखात कॅन्सरपूर्व बदल तपासून लस चालते का ते पाहता येतं. टॉन्सिलच्या खाचांमध्ये तसं काही हाती लागत नाही.