कापूस वेचणीत व्यायाम सोडताय? आधी हे वाचा
(आमच्या व्यायाम केंद्रात येणाऱ्या चाळिशीपुढच्या महिलांसाठी)

"दिवसभर वावरात राबतो, अजून व्यायाम कायले?" नाव नोंदवताना बहुतेक काकू हेच विचारतात. निंदण-वेचणीत घाम निघतो, दम टिकतो, हे खरंच. पण त्यात कंबर वाकलेली राहते, हालचाल तीच आणि भारही रोज तेवढाच. ताकद वाढायला भार हळूहळू वाढवावा लागतो. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे हाडं जपणारं हार्मोन कमी होतं आणि हाडं भराभर झिजतात. मग धुऱ्यावरून पाय घसरला तरी मनगट मोडतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालण्यासारख्या व्यायामासोबत २ दिवस ताकदीचा व्यायामही सांगितला आहे.

आता मुख्य गोष्ट. दिवाळीला वेचणी लागली की बॅच रिकामी होते. संक्रांतीनंतर सगळ्या परततात आणि पहिल्याच दिवशी जुनंच वजन मागतात. दोन दिवसांत टोंगळे (गुडघे) सुजतात, घरचे म्हणतात "बंद कर", आणि कमावलेलं सगळं वाया जातं. त्यामुळे तीन आठवड्यांवर खाडा झाला तर आम्ही निम्म्या वजनापासूनच सुरुवात करतो. "फी पूर्ण घेता अन् हलकं उचलायला लावता" असं काही ताई म्हणतात. पण गेलेली ताकद पहिल्यापेक्षा लवकर परत येते. सुजलेला टोंगळा मात्र महिनाभर बसवून ठेवतो. हा नियम आम्ही कोणासाठीही मोडत नाही.

खाडा पडूच नये हे सगळ्यात बरं. आठवड्यातून एकदा नेहमीचं वजन उचललं तरी ताकद बऱ्यापैकी टिकते. म्हणून हंगामात बाजाराच्या दिवशी, मजुरीला सुट्टी असते तेव्हा, संध्याकाळी खास बॅच ठेवली आहे. फी निम्मी. सासू-सून दोघी आल्या तर आणखी सवलत.

तेही जमत नसेल तर घरी हात न टेकता खुर्चीवरून १० वेळा उठा-बसा, थोडं थांबून पुन्हा १०. भिंतीला धरून टाचा उचला. जोर लावताना श्वास रोखू नका, त्याने बीपी एकदम चढतो. बीपी-शुगरची गोळी चालू असेल तर पहिल्याच दिवशी सांगा. उपाशीपोटी येऊ नका, एकादशीलाही केळं खाऊन या. साडी चालते, पदर खोचलेला हवा. नवीन मैत्रिणीला सोबत आणलं तर तिचा पहिला आठवडा मोफत.